गुंठ्याला ८६ रुपये

(बीड जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरची कामे टाकून, कुणी दोन-दोन एस.टी. बदलून तुम्ही इथवर आलात, तेव्हा लांबण लावत नाही. आधी एक हिशेब मांडू, मग बोलू.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्याखाली गेलेल्या कोरडवाहू पिकाला सरकारी निकषाप्रमाणे हेक्टरी ८,५०० रुपये धरले गेले. हेक्टर म्हणजे अडीच एकराला थोडा कमी. एकराला पडले ३,४४०. एकराचे गुंठे चाळीस. गुंठ्याला पडले ८६ रुपये.

आता हाच आकडा सरकारच्याच दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून बघा. त्या हंगामाला केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. तो कसा काढला? कृषी मूल्य आयोगाने एका क्विंटलचा खर्च ३,५५२ रुपये धरला आणि त्याची दीडपट केली. म्हणजे हेक्टरी दहा क्विंटल पीक धरले तर सरकारच्याच हिशेबाने शेतकऱ्याने मातीत घातले ३५,५२० रुपये. पीक वाहून गेल्यावर हातावर ठेवले ८,५००. चौथा हिस्साही नाही. आयोगाचा खर्च कमी धरलेला असतो ही आपली जुनी तक्रार आहेच, पण ती आज बाजूला ठेवू. त्यांचाच खर्च खरा धरू. तरी ही गत.

सप्टेंबरात काय झाले ते तुम्हाला सांगायला नको, पण हे भाषण छापले जाणार आहे म्हणून नोंद राहू द्या. आष्टी तालुक्यात अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. सिंदफणा शिरूर कासार, गेवराई, माजलगाव अशी तीन तालुक्यांत पात्र सोडून फिरली. वरून नाथसागराचे पाणी गोदावरीत आले, गोदेला तुंबारा बसला, काठच्या गावांत पाणी मागे सरकायला जागा उरली नाही. इकडे मांजरेने केज-अंबाजोगाईकडची शेते धुतली. सोयाबीन काढणीला आलेले. कापसाची बोंडे झाडावरच सडून काळी पडली. आणि पीक गेले ते एका हंगामाचे, माती गेली ती आज्या-पणज्यांची.

मग ७ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईत पॅकेज जाहीर झाले. एकूण आकडा ३१,६२८ कोटी. आजवरची सर्वांत मोठी मदत म्हणून ते वाजतगाजत आले. आपल्यातल्या काही गावांत आभाराचे फलकसुद्धा लागले. फलकाला किती खर्च आला ते आम्ही विचारले नाही.

त्या पॅकेजात हेक्टरी ८,५०० वर रब्बीच्या बी-बियाण्यासाठी आणखी १०,००० दिले आणि मर्यादा दोन हेक्टरची तीन केली. म्हणजे कोरडवाहूला १८,५००, हंगामी बागायतीला १७,००० अधिक १०,००० म्हणजे २७,०००, आणि बारमाही बागायतीला २२,५०० अधिक १०,००० म्हणजे ३२,५००. हे आकडे लक्षात ठेवा आणि थोडे मागे चला. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने राज्याचे दर होते कोरडवाहूला १३,६००, हंगामी बागायतीला २७,०००, बारमाहीला ३६,०००, आणि मर्यादा तीनच हेक्टर. हे दर ३० मे २०२५ च्या निर्णयाने रद्द झाले. पेरणीच्या तोंडावर, कुणाचे लक्ष नसताना, मदत पुन्हा केंद्राच्या निकषावर आणि दोन हेक्टरवर आणून ठेवली. पुढे चार महिन्यांत पूर आला.

आता वजाबाकी करा. कोरडवाहूला जुन्या दरापेक्षा ४,९०० जास्त मिळाले, ते मान्य. हंगामी बागायतीला जुना दर होता तोच मिळाला, एक रुपया वर नाही. आणि मोसंबी, डाळिंब असणाऱ्याला जुन्या दरापेक्षा ३,५०० कमी. मे महिन्यात खिशातून काढून घ्यायचे, ऑक्टोबरात त्यातलेच परत द्यायचे आणि त्याला ऐतिहासिक म्हणायचे. आपण हिशेब ठेवत नाही म्हणून हे चालते. आणखी एक गंमत. जाहीर करताना या रकमेत पीकविम्याचे हेक्टरी १७,००० मिळतील असे धरून एकूण आकडा फुगवून सांगितला गेला. विम्याचे काय झाले ते पुढे येईलच.

आता एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. वर्तमानपत्रात येते नुकसानभरपाई. पुढारी म्हणतात भरपाई. तुम्ही-आम्ही म्हणतो अनुदान. केंद्राच्या निकषाचा कागद काय म्हणतो? तो म्हणतो निविष्ठा अनुदान. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. म्हणजे सरकार तुमचे नुकसान भरून देतच नाही, तसे त्याने कुठे कबूलही केलेले नाही. पुढच्या पेरणीला बी-खत घ्यायला हातभार, एवढाच त्या पैशाचा अर्थ. झालेले नुकसान तुमचे तुम्ही सोसा. हे कागदावर स्वच्छ लिहिलेले आहे आणि आपण वर्षानुवर्षे भरपाईच्या भ्रमात रांगा लावतो. भरपाई म्हणायची तर ती झालेल्या नुकसानीवर मोजावी लागते. अनुदान देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि मर्जीवर मोजतात.

हे आजचे नाही. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात पिकाची आणेवारी लावत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. चार आणे किंवा त्याखाली पीक आले तर त्या वर्षीच्या साऱ्याची वसुली तहकूब, असा नियम होता. १९१८ मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल तिथे उतरले तो झगडा याच आकड्यावरचा होता. ते तिथे नुसत्या सभा करून थांबले नाहीत. गावोगाव फिरून चौकशी केली, पीक किती आले याची स्वतः माहिती गोळा केली आणि सरकारच्या आकड्यासमोर आपला आकडा ठेवला. मगच सारा न देण्याच्या शपथा झाल्या.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आपला त्या लढ्याशी संबंध नाही असे कुणी म्हणेल. पण १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, ती आपल्या मानगुटीवर अजून आहे. गावाची पैसेवारी ५० च्या खाली आली तर साऱ्यात सूट, पंपाच्या बिलात साडेतेहतीस टक्के, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आली तर काही नाही. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाचे चित्र असे नवे निकष आले. पण त्या संहितेत ओला दुष्काळ हा शब्दच नाही. २०२५ मध्ये आपण ओला दुष्काळ जाहीर करा म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा असा शब्द नाही हेच उत्तर मिळाले, आणि दुष्काळाच्या सवलती मात्र लावल्या. असो. शब्दावरून भांडण्यात आपले दोन आठवडे गेले. त्याच दोन आठवड्यांत गावागावांत पंचनामे चालले होते आणि आपण शब्दासाठी रस्त्यावर होतो. ही चूक आमचीही आहे, म्हणून बोलून दाखवतो.

कारण सगळा खेळ पंचनाम्याचा आहे. मुंबईत दर ठरतो, पण दर कशावर लागायचा ते ठरते तुमच्या बांधावर. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशा तिघांनी मिळून पंचनामा करायचा. (तिघांचीही सरकारी नावे आता बदलली आहेत, पण माणसे आणि कामाचा ढीग तोच.) ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदत. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती, ती खाली आली हे चांगले झाले. पण ३३ ठरवतो कोण? तराजू नाही, माप नाही, नजरेनेच. नजर ३० वर थांबली तर शून्य.

आमच्या गावचे सांगतो. गाव सिंदफणेकाठचे. पाणी ओसरून चार दिवस झाले होते, चिखल गुडघ्याएवढा. साहेब आले, पण शेतात गाडी जाईना. मग मारुतीच्या पारावर बसून याद्या सुरू झाल्या. खोटे कशाला बोला, आम्हीच सतरंजी टाकली, आम्हीच चहा आणला. त्यांच्याकडे अशी सात-आठ गावे, वरून रोज फोन, उद्या अहवाल पाहिजे. एकेकाने सातबारा दाखवायचा, ते लिहून घ्यायचे, आपण खाली सही ठोकायची. काहींनी तर कोऱ्या कागदावर सही केली, आकडा मागून भरू म्हणाले म्हणून.

त्यात एका मावशीचे एक हेक्टर चाळीस आर होते. सगळे गेलेले. यादी लागली तेव्हा तिच्या नावापुढे होते शून्य चाळीस. कुणाच्या मनात वाईट नव्हते, घाईत एकाचा शून्य झाला. पण तो एक आकडा म्हणजे पुरा हेक्टर, म्हणजे ८,५०० आणि वरचे १०,०००. मावशीने अर्ज दिला. अर्ज घेणाऱ्याने पोच दिली नाही आणि तिला पोच मागायची असते हे आम्ही कुणी सांगितले नव्हते. पंचनाम्याची प्रत मागितली तर ती वर गेली म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. त्या कागदावर मावशीचा अंगठा आहेच. म्हणजे कायद्याने तिनेच कबूल केले की आपले नुकसान चाळीस आर!

पावसाच्या मोजणीचेही असेच. महसूल मंडळातल्या मापकाने २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस दाखवला तर अतिवृष्टी. सिंदफणा उगवते पाटोद्याच्या डोंगरात आणि गोदेला मिळते मंजरथला. पाऊस पडतो बालाघाटावर, शेत बुडते माजलगावात. बुडालेल्या गावात त्या दिवशी ऊनही असू शकते. २०२५ च्या पॅकेजात ही अट धरणार नाही असे सांगितले गेले. पण ती त्या वेळेपुरती. म्हणून नुकसानीचे कारण पंचनाम्यात पूर असे स्पष्ट लिहून घ्यायचे, नुसते पाऊस नाही.

मातीचे पाहा. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ-वाळू साचली तर काढायला हेक्टरी १८,०००. नदीने पात्र बदलून जमीनच खरडून नेली तर ४७,०००. दोन्ही केंद्राच्या निकषात. पण तीन इंच हे कुणी पट्टी लावून मोजले? आमच्या गावात एकाच शिवारात निम्म्या लोकांचे गाळ लिहिले गेले, निम्म्यांचे काहीच नाही, आणि वाळू सगळीकडे टोंगळ्याएवढी. पॅकेजात खरडलेल्या जमिनीला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत देऊ म्हणाले. ऐकायला बरे. पण रोजगार हमीत यंत्राला बंदी, मजुरीचा वाटा साठ टक्के. गाळाची माती टिप्परने आणायची, ती डोक्यावर पाट्या वाहून कोण आणणार? आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो रोजगार हमीचा कायदाच बदलून दुसरा आणला. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी देशाला दिली, तिथले शेतकरी आपण. खरडलेल्या रानाची मंजुरी ज्यांच्या हातात आली असेल त्यांनी ती आज इथे दाखवावी, आम्हाला पाहायची आहे.

जनावरांचे दर आहेत. दुभत्याला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,०००. मेल्याचा दाखला डॉक्टरने द्यायचा. जी म्हैस दावणीसकट गोदेला गेली तिचा दाखला कोण देणार, नांदेडचा डॉक्टर?

एवढे सगळे पार पडून नाव यादीत आले तरी पैसा हातात यायला अजून वाट आहे. यादीत विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेवा केंद्रात जायचे, आधारचा अंगठा लावायचा. आपल्या जिल्ह्यातल्या हजारो आया-बहिणी सहा महिने ऊसतोडीला जातात. कोयत्याने आणि पाचटाने बोटांच्या रेघा झिजल्या. यंत्र म्हणते ओळख पटत नाही. जन्मभर राबल्याची निशाणी बोटावर आहे आणि म्हणून ती बाई कोण हे सरकारला कळत नाही! २०२५ मध्ये ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक होता त्यांना या अंगठ्यातून सूट दिली, हे बरे केले. पण तो क्रमांक कुणाला नाही? ज्याचा बाप वारला आणि वारस नोंद राहिली त्याला. आणि ज्याने शेत बटईने केले, बी घातले, खत घातले, त्याला तर कुठेच जागा नाही. त्याचे पीक गेले, पैसे मालकाच्या खात्यात. सामायिक खात्यात चार भावांचे संमतीपत्र लागते आणि त्यातला एक पुण्यात, एक बोलत नाही.

मदतीची रक्कम कर्जखात्यात वळती करू नये असे मदतीच्या आदेशात लिहिलेले असते. तरी खात्याला होल्ड लागतो. मॅनेजरपुढे आदेशाची प्रत ठेवली की होल्ड निघतो, हा आमचा अनुभव. प्रत नसली की निघत नाही, हाही अनुभवच.

आता विमा. खरी भरपाई तीच, कारण तिचा हप्ता भरलेला असतो. आपल्या जिल्ह्याच्या नावाने एक पॅटर्न निघाला. २०२० च्या खरिपात खासगी कंपन्या बीडला यायला तयार नव्हत्या तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनी आली आणि ठरले की हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीने द्यायची, त्यावर राज्याने. भरपाई कमी बसली तर कंपनीने वीस टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे. राज्याला परत, शेतकऱ्याला नव्हे, हे ध्यानात घ्या. २०२३ ला एक रुपयात विमा आला. त्यात गायरानावर, सरकारी जमिनीवर विमा भरल्याची प्रकरणे उघडी पडली, आणि लाजेने सांगावे लागते, आपल्याच जिल्ह्याचे नाव त्यात पुढे होते. त्या बोगस लोकांनी सरकारला निमित्त दिले. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद झाला, त्यासोबत स्थानिक आपत्ती, हंगामातले नुकसान, काढणीनंतरचे नुकसान ही कलमेही गेली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, तोही पूर्ण मंडळाचा. म्हणजे ज्या वर्षी पूर आला त्याच वर्षी पुराची कलमे काढलेली. आणि पॅकेजाच्या बेरजेत मात्र विम्याचे १७,००० धरलेले.

भावाचे दोनच वाक्यांत सांगतो, तो आजचा विषय नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले आणि सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ज्याचा निम्मा कापूस पाण्यात गेला त्याच्या उरलेल्या निम्म्याचा भाव दिल्लीने पाडला. भाव नीट मिळाला असता तर एका पुराने आपण मोडलो नसतो, ८६ रुपयांसाठी रांगेतही उभे राहिलो नसतो.

आता करायचे काय? दर वाढवा ही मागणी आपली आहेच, आणि ती मोघम ठेवायची नाही. कृषी मूल्य आयोगाने धरलेला खर्च तरी पूर्ण द्या, ही मागणी. आकडा त्यांचाच आहे, नाही म्हणायला तोंड नाही. पण ती मागणी मुंबई-दिल्लीची, तिला वेळ लागेल. गावातले काम आपल्या हातात आहे.

येत्या पावसाळ्याच्या आत प्रत्येक गावात खेडा जिल्ह्यासारखे काम उभे करायचे. आपला पंचनामा आपण करायचा. पाणी ओसरल्याबरोबर पाच जणांनी शिवार चालायचे, त्यात दोन बाया असल्याच पाहिजेत, कारण कुठल्या सरीत काय पेरले ते त्यांनाच ठाऊक. गट नंबर, पीक, बुडालेले क्षेत्र आर मध्ये, गाळ किती इंच ते पट्टीने, जनावर गेले असेल तर रंग-वय आणि पाहिलेल्या दोघांची नावे. बटईदाराचे नाव वेगळ्या रकान्यात. खोटे एक आर लिहायचे नाही. एकाचे खोटे सापडले की सगळ्या गावाचा कागद रद्दी होतो, विम्यात ते पाहिले. कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा, हरकती तिथेच ऐकायच्या. तीन प्रती, एक तहसीलला पोच घेऊन, एक ग्रामपंचायतीत, एक आपल्याकडे. मग साहेब येतील तेव्हा सतरंजी टाकू, चहाही देऊ, पण त्यांच्या हातात हा कागद देऊ. चहाच्या आधी.

कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. लिहिलेला आकडा वाचून दाखवल्याशिवाय तर नाहीच.

ज्यांचे २०२५ चे क्षेत्र चुकले आहे त्यांनी माहितीच्या अधिकारात पंचनाम्याची प्रत मागायची. दहा रुपयांचे तिकीट लागते. आमच्या मावशीचा अर्ज आम्ही असाच केला आहे, प्रत आली की पुढच्या अंकात छापू. वारस नोंदी राहिल्या असतील तर चांगल्या दिवसांत करून घ्या, पुरात ते काम होत नाही.

गावपंचनाम्याचा नमुना छापून आणला आहे, मागच्या टेबलावर आहे. गावाला पाच प्रती. आष्टी-पाटोद्याच्या लोकांनी आधी घ्या, तुमची शेवटची गाडी लवकर आहे. बाकीच्यांनी बसा, नमुना कसा भरायचा ते एक गट नंबर घेऊन इथेच करून दाखवतो.